बुडालेल्या बोटीवरची कविता आणि ती वाचून भांडणारी माणसं

आषाढ अमावस्या जवळ आली की रामदास बोटीवरची एखादी कविता फिरायला लागतेच. कुणी म्हणतं अंगावर काटा आला, कुणी म्हणतं ही काय कविता आहे का, नुसती बातमी यमकात बसवलीय, कुणी आकडा चुकलाय म्हणून अडून बसतं, आणि एखादा तरी असतोच जो म्हणतो, मेलेल्यांवर कविता करायचीच कशाला, सोडा की त्यांना. आम्ही सोलापूरकर, समुद्र राहू दे, आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तरी बोटीवरच्या कवितेवरून आमच्या कट्ट्यावर पण तेवढंच वाजतं. तर हे भांडण नेमकं कशावरून होतं ते जरा सुटं करून बघू. मला असं वाटतं की हे सगळे लोक एका कवितेवर बोलतच नसतात, अशा कवितेनं काय काम करायचं असतं हे प्रत्येकानं आधीच डोक्यात ठरवलेलं असतं आणि मग ते काम झालं नाही की तो चिडतो.

आधी घटना सांगतो, कारण पुष्कळांना नुसतं नाव माहिती असतं. १७ जुलै १९४७, सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रामदास रेवसला निघाली. १९३६ ला इंग्लंडमध्ये बांधलेली आगबोट, म्हणजे तशी काही म्हातारी नव्हती. गटारी तोंडावर आलेली, गावाकडं निघालेली माणसं, आणि भर पावसाळ्यातला समुद्र. काशाच्या खडकाजवळ एका बाजूनं मोठी लाट आली, पाणी आत घुसलं, लोक घाबरून दुसऱ्या बाजूला पळाले, आणि एवढ्या माणसांचं वजन एकदम एका अंगाला गेल्यावर बोट जी कलंडली ती परत सरळ झालीच नाही. धक्का सोडून अर्धा-पाऊण तास पण झाला नव्हता. बोटीवर वायरलेस नव्हता, त्यामुळे मुंबईला दुपारपर्यंत पत्ताच नाही. रेवसकडून मासळी घेऊन मुंबईला निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात ओतून दिली आणि होड्यांमध्ये माणसं भरून घेतली असं तिकडं अजून सांगतात. गेलेल्यांचा आकडा कुठं सव्वासहाशे लिहिलेला सापडतो, कुठं सातशेच्या जवळ. आणि त्यानंतर महिन्याच्या आत देश स्वतंत्र झाला, फाळणी झाली, मग त्या गोंधळात रामदासची आठवण कोण ठेवणार, ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांनी ठेवली तेवढीच.

आता कविता. कुणाच्या घरी दुःख झालं की भेटायला जाणारे लोक आठवा, एकजण काही न बोलता शेजारी बसून राहतो, दुसरा हळूच विचारतो की कसं झालं हो नेमकं, आणि तिसरा म्हणतो देवाला चांगलीच माणसं आवडतात बघा. घटनेवरची कविता बिचारी ही तिन्ही कामं एकटी करायला जाते. शेजारी बसायचं, काय झालं ते सांगायचं, आणि का झालं त्याचा काहीतरी अर्थ पण लावायचा. त्यातलं एक नीट जमलं की दुसरं बिघडतं, आणि वाचणारा नेमका बिघडलेल्यावर बोट ठेवतो.

सगळ्यात आधी भांडण होतं ते तपशिलावरून. आमच्याकडं मागं एकानं रामदासवरची कविता वाचून दाखवली होती, चांगली होती, लयीत होती, पण सुरुवातच काळोख्या रात्रीनं, वीज, अंधार, किंकाळ्या वगैरे. ऐकायला बसलेल्यांत अलिबागकडून लग्न होऊन सोलापुरात आलेल्या एक मावशी होत्या, त्यांच्या आजोळचं कुणीतरी त्या बोटीवर होतं. सगळ्यांनी वा वा केलं, मावशी तेवढ्या म्हणाल्या, "सकाळ होती हो. चहा पिऊन निघाली होती माणसं." कवीनं लगेच सांगितलं की मावशी तो अंधार मनातला आहे, प्रतीक आहे. त्यावर त्या काहीच बोलल्या नाहीत, पदर सारखा केला आणि ताटातली शेंगाची चटणी बाजूला सारली.

आता तुम्ही म्हणाल रात्र काय आणि सकाळ काय, माणसं तर गेलीच. पण नीट बघा. रात्र म्हटलं की मरण अपेक्षित होतं, वातावरण आधीच तयार होतं, वाचणारा सावध होतो. सकाळी साडेआठला, किनारा अजून मागं दिसतोय, गटारीला घरी जेवायचा बेत ठरलाय आणि अशात बोट उलटते, हे जास्त भयंकर आहे, आणि मुख्य म्हणजे ते खरं आहे. ज्यांचं कुणी गेलं त्यांच्याकडं त्या दिवसाच्या दोन-चार बारीक गोष्टीच उरलेल्या असतात, वेळ, धक्का, कोण सोबत होतं, काय खाऊन निघाले. कवितेनं त्यातली एक जरी बदलली तरी त्यांना वाटतं ही आपल्या माणसाची कविता नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी बोटीची आहे. त्यामुळे "तपशिलात काय अडकता" हे वाक्य मला पटत नाही, निदान असल्या कवितेपुरतं तरी नाहीच.

आकड्यांचं मात्र मी जरा सैल धरतो. १८८८ च्या नोव्हेंबरमध्ये वैतरणा नावाची आगबोट कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली आणि काठियावाडच्या किनाऱ्याजवळ वादळात गायब झाली, अवशेष म्हणून काही मिळालंच नाही. तिच्यावर विजेचे दिवे होते म्हणून लोक तिला वीजळी म्हणायचे. तिच्यावर गुजरातीत गाणं आहे, हाजी कासम, तारी वीजळी, तिकडच्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, एक कडवं तरी म्हणून दाखवेल. कागदोपत्री गेलेले सातशेच्या वर, पण लोकांच्या तोंडी आकडा तेराशेपर्यंत जातो. कुणी फसवायला वाढवलेला नाही तो, गावोगाव वऱ्हाडंच्या वऱ्हाडं गेली असं सांगितलं जायचं तेव्हा सातशे कमीच वाटत असणार. पण त्याच गाण्यानं आणखी एक गोष्ट केली, सगळी बोट एका माणसाच्या नावावर लावून टाकली. तुझी वीजळी बुडाली, असं त्या हाजी कासमला, लोक ज्याला तिचा कप्तान मानतात त्याला, उद्देशून म्हणतात. सव्वाशे वर्षं उलटून गेली, बाकी सातशे जणांतलं एक नाव लोकांना ठाऊक नाही, त्या एकाचं मात्र घरोघरी. हे भूषण म्हणायचं का ठपका, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नावावरून आठवलं, आपल्याकडं पानिपतानंतर जो निरोप आला म्हणून सांगतात तो बघा, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरपल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. शाळेत असताना हे वाक्य काय भारी वाटायचं. मोठं झाल्यावर लक्षात येतं की आपण बहुतेक सगळे त्या खुर्द्यातलेच आहोत. घटनेवरच्या कवितेत वाचणारा पहिल्यांदा हेच शोधतो, आपलं माणूस मोत्यात धरलंय, मोहरेत धरलंय का खुर्द्यात. रामदासवरच्या पुष्कळ कवितांमध्ये तांडेल असतो, एखादी नवी नवरी असते, पोहत सुटलेला दहा-बारा वर्षांचा पोरगा असतो. धक्क्यावर माल उतरवून गावाला निघालेला, चाळिशीचा, कुणाच्या नजरेत न भरणारा माणूस कुठंच नसतो, आणि बोटीत जास्त भरणा तसल्यांचाच असणार.

आता जरा अवघड भाग. अपघातावर कविता करणं हे बलिदानावर कविता करण्यापेक्षा अवघड का असतं ते सोलापूरकराला लवकर कळेल. १२ जानेवारी १९३१ ला आपले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, येरवड्यात फासावर गेले. त्यांच्यावर कुणीही काहीही लिहिलं, साधं चार ओळींचं जरी लिहिलं तरी त्याला आपोआप कणा मिळतो, कारण ते कशासाठी गेले हे सगळ्यांना माहिती आहे. पोवाड्याचं तसंच, वीर आहे, शत्रू आहे, कारण आहे, शाहिराला फक्त आवाज लावायचाय. बोट बुडते तेव्हा यातलं काहीच नसतं. शत्रू कोण, लाट? सातशे माणसं कशासाठी गेली? कशासाठीच नाही. हे "कशासाठीच नाही" कुणाला सहन होत नाही, कवीला तर नाहीच, मग तो कारण शोधायला निघतो, आणि खरी वादावादी त्या शोधलेल्या कारणावरूनच होते.

टायटॅनिकचं उदाहरण घ्या. १५ एप्रिल १९१२ ला बुडाली, सुमारे पंधराशे माणसं गेली. त्यानंतर वर्तमानपत्रांकडं कवितांचा एवढा पूर आला की न्यूयॉर्क टाइम्सनं लिहिलं, बाबांनो, छापण्यासारखी कविता व्हायला कागद, पेन्सिल आणि वाईट वाटणं यापेक्षा आणखी काहीतरी लागतं. त्याच वर्षी मे महिन्यात लंडनमध्ये टायटॅनिकच्या मदतनिधीसाठी एक कार्यक्रम झाला, त्यासाठी थॉमस हार्डी या इंग्रज कवीनं कविता दिली. अकरा कडवी. आणि त्यात मेलेल्यांचा उल्लेखच नाही, एकाचाही नाही! समुद्राच्या तळाशी पडलेली बोट, श्रीमंतांसाठी बसवलेल्या आरशांवरून सरपटणारे किडे, विझलेल्या रत्नांचा चिखल, आणि मग तो सांगतो की इकडं माणसं बोट बांधत होती तेव्हाच तिकडं लांब अंधारात हिमनग पण वाढत होता, दोघांची गाठ आधीच ठरलेली. म्हणजे कारण काय सांगितलं, तर माणसाचा माज आणि नियती. ज्याच्या घरी कुणी गेलेलं नाही त्याला ही कविता जबरदस्त वाटते, मलाही वाटते, पण मदतनिधीच्या कार्यक्रमाला नवरा गेलेली बाई येऊन बसली असेल तर तिला काय वाटलं असेल याचा विचार करा. तिचा नवरा खाली भट्टीत कोळसा टाकत असला तर त्याचा कसला माज? वाचणारे अजूनही या कवितेला थंड म्हणतात आणि तिचे चाहते म्हणतात थंडपणा हीच तिची ताकद आहे. दोघंही बरोबर बोलतायत. काय झालं त्याचा अर्थ लावण्याचं काम तिनं फार चोख केलंय, शेजारी बसायचं काम तिनं हातातच घेतलेलं नाही.

उलट टोकाला हॉपकिन्स, हाही इंग्रज कवी. डिसेंबर १८७५ मध्ये डॉइचलँड नावाचं जहाज इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ वाळूच्या दांड्यावर बसलं, मेलेल्यांत जर्मनीतून कायद्यानं घालवून दिलेल्या पाच नन होत्या. हॉपकिन्स स्वतः धर्मगुरू व्हायचं शिक्षण घेत होता, त्यानं पस्तीस कडव्यांची कविता लिहिली, अशा ठेक्यात की तेव्हा कुणाला वाचताच येईना. त्यांच्याच पंथाच्या मासिकानं छापायला नकार दिला. मित्राला, रॉबर्ट ब्रिजेसला, वाचायला पाठवली, तर तो म्हणाला पैसे दिले तरी परत वाचणार नाही. यावर हॉपकिन्सचं उत्तर मला फार आवडतं, तो म्हणतो तरीपण कृपा करून वाच, कारण माझे वाचक म्हणजे तूच. आणि मजा बघा, हॉपकिन्स गेल्यावर ती कविता १९१८ मध्ये पुस्तकात आणली ती त्याच ब्रिजेसनं, आणि तिथंही लिहून ठेवलं की ही दारात वेटोळं घालून बसलेल्या ड्रॅगनसारखी आहे, कुणाला आत येऊ देत नाही. नावडती कविता माणूस चाळीस वर्षं जपून ठेवतो आणि शेवटी स्वतः छापतो, यापेक्षा मोठी दाद काय असते?

पण या सगळ्यात मला जी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते ती कॅनडातल्या एका गाण्याची आहे, त्यामुळे तिथं जरा थांबतो. १० नोव्हेंबर १९७५, लेक सुपीरिअर, म्हणजे नावाला तळं पण वादळात समुद्राला हरवेल असं. एडमंड फिट्झजेरल्ड नावाचं लोखंडाचा कच्चा माल वाहणारं प्रचंड जहाज त्यात बुडालं, सगळेच्या सगळे एकोणतीस जण गेले, एकाचाही मृतदेह हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डेट्रॉइटच्या एका चर्चमध्ये एकोणतीस वेळा घंटा वाजवली गेली. गॉर्डन लाइटफूट या गायकानं बातमी वाचून गाणं लिहिलं आणि १९७६ मध्ये ते सगळीकडं गाजलं. गाण्यात त्यानं थोडी मोकळीक घेतलीच होती, जहाज खरं डेट्रॉइटजवळच्या गोदीकडं चाललेलं, गाण्यात क्लीव्हलँडला. त्या चर्चला त्यानं कुबट म्हटलं होतं. पुढं तिथं येणाऱ्या एकानं सांगितलं की आमचं चर्च काही कुबट-बिबट नाही, तर हा बाबा कार्यक्रमात तो शब्द बदलून गायला लागला. इथपर्यंत गमतीचा भाग.

खरी गोष्ट दुसऱ्या ओळीची. गाण्यात एका ठिकाणी येतं की संध्याकाळी सातला मालाच्या खणावरचं मुख्य झाकण आत कोसळलं. ऐकणाऱ्याला ती नुसती प्रसंगाची ओळ वाटते. पण जहाजावर ती झाकणं नीट आवळून बंद करायचं काम ठरलेल्या माणसांकडं असतं. म्हणजे ओळ लपूनछपून काय सांगते, तर त्यांनी काम नीट केलं नाही म्हणून जहाज गेलं. सरकारी चौकशीचा अहवाल पण नंतर झाकणांकडंच बोट दाखवून मोकळा झाला, जहाजवाल्यांच्या संघटनेला ते अजिबात मान्य नव्हतं, त्यांचं म्हणणं जहाज आधी उथळ खडकाला घासलं. त्या माणसांच्या घरच्यांनी मात्र तीस-पस्तीस वर्षं रेडिओवर हे गाणं ऐकलं, चहाच्या टपरीवर, दुकानात, गाडीत, आणि दर वेळी त्या ओळीला त्यांच्या माणसावर ठपका. २०१० मध्ये एका माहितीपटात वेगळं कारण पुढं आलं, प्रचंड लाटेचं, आणि लाइटफूटनं ती ओळ कार्यक्रमात गाताना बदलली, झाकणाऐवजी नुसतं अंधार पडला असं म्हणायला लागला. रेकॉर्ड तशीच राहिली, छापील शब्द तसेच राहिले, पण स्वतःच्या तोंडून त्यानं तो ठपका परत काढला नाही. २०२३ मध्ये तो गेला तेव्हा त्या चर्चमध्ये तीस वेळा घंटा वाजली, तीसवी त्याची.

हे वाचल्यापासून मी असल्या कवितेकडं वेगळ्या नजरेनं बघतो. आकडा चुकला तर चालवून घ्यावं, उपमा फसली तर हसावं. स्कॉटलंडचा कवी मॅकगोनागल आहेच की, १८७९ च्या टे पुलाच्या अपघातावर त्यानं नव्वद जीव गेले लिहिलं, स्मारकावर नावं आहेत एकोणसाठ, आणि लोक ती कविता दीडशे वर्षं वाचून हसतायत, त्यात कुणाचं काही बिघडलेलं नाही. पण दोष देणारी ओळ आली की तिथं पुरावा पाहिजे. वर्तमानपत्रातली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, अहवाल कपाटात जातो, यमकात बसलेला आरोप मात्र पोरांच्या पण पाठ होतो. त्यात सफाई द्यायला तो माणूस तर वर गेलेला.

रामदासच्या कवितांना हीच फूटपट्टी लावून बघा. अर्ध्या कवितांमध्ये गटारी अशी काही येते की जणू सगळी बोट दारू प्यायला निघाली होती. लाट, वजन एका बाजूला जाणं, वायरलेस नसणं, आठशेच्या घरात माणसं बसवून जुलैच्या समुद्रात बोट सोडणं, हे सगळं बाजूला आणि ठपका कुणावर तर सणाला घरी निघालेल्यांवर! काही कवितांमध्ये सगळं देवाच्या मर्जीवर सोडून दिलेलं असतं, ते ऐकायला बरं वाटतं, कुणावर आरोप नाही, पण मग ज्यानं बोट सोडायचं ठरवलं तो पण सुटतो. रामदास ज्या कंपनीची त्याच कंपनीच्या जयंती आणि तुकाराम या दोन बोटी १९२७ च्या नोव्हेंबरमध्ये वादळात एकाच दिवशी बुडाल्या होत्या, वीस वर्षांनी रामदास. संतांची नावं देऊन बोट तरत नाही एवढं जरी कुणी कवितेत लिहिलं असतं तरी मी त्याला हात जोडले असते.

आणि आपल्याला हे काही लांबचं नाही राहिलेलं. मे २०२४ मध्ये उजनीच्या पाण्यात करमाळ्याकडचं कुगाव आणि पलीकडचं कळाशी यांच्यामध्ये प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले, त्यात लहान लेकरं होती. रस्त्यानं फिरून जायचं म्हणजे लांबचा वळसा, म्हणून लोक वर्षानुवर्षं बोटीनंच पलीकडं जातात. आमच्यातला एक पोरगा, यंत्रमागावर काम करतो आणि लिहितो बरा, तो यावर कविता करतोय. पहिल्या खर्ड्यात त्यानं बोट चालवणाऱ्यावर दोन कडक ओळी लिहिल्या होत्या, मी विचारलं हे तुला कुणी सांगितलं, तर म्हणे कुणी नाही, तिथं काहीतरी पाहिजे होतं. त्या ओळी त्यानं काढल्या. आता त्याचं अडलंय ते सहा नावं घालायची का नाही यावर, घातली तर घरच्यांना चालेल का, नाही घातली तर ती माणसं खुर्द्यात गेल्यासारखं होतंय. त्याला म्हटलं आधी कुगावला जाऊन विचारून ये, एसटी आहे की. जातो म्हणाला, मालकानं सुट्टी दिली की.